निझवा बघायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही मस्कतला राहतो, त्यामुळे दर हिवाळ्यात पुण्या-मुंबईहून कोणी ना कोणी येतंच. मस्कत दोन दिवसांत बघून होतं आणि तिसऱ्या दिवशी चहा पिताना प्रश्न येतो, "निझव्याला जायचं म्हणतोय, काय काय बघायचं?" मग पुढचा तासभर मी बोलत बसतो. तेच सगळं इथे लिहून ठेवलं आहे.

निझवा आहे कुठे, आणि मस्कत सोडून तिकडे कशाला जायचं?

मस्कतपासून आत, हजर पर्वताच्या पायथ्याशी, साधारण १६० किलोमीटरवर. मस्कत हे समुद्राकडे तोंड असलेलं व्यापारी बंदर, तर निझवा हे ओमानचं आतलं, डोंगराकडचं मन. इथले इबादी, म्हणजे इस्लाममधल्या एका पंथाचे लोक, आपला इमाम (धर्माचा आणि राज्याचा प्रमुख) निवडून देत, आणि आठव्या शतकापासून निझवा वेगवेगळ्या काळात या इमामांची राजधानी होती. धर्मशास्त्र, कायदा, कविता यांचं शिक्षण इथे पिढ्यानपिढ्या चाललं. २०१५ साली निझव्याला इस्लामी संस्कृतीची राजधानी म्हणून मान मिळाला, त्यामागे ही परंपरा आहे.

मला मात्र निझवा आवडतं ते वेगळ्याच कारणासाठी. या गावाचा जुना भाग अजून वापरात आहे. पाट वाहतोय, बाजार भरतोय, आजोबा नातवाला घेऊन बोकड घ्यायला येतायत. पर्यटक आले काय नि न आले काय, शुक्रवार सकाळ तशीच उजाडते.

सगळे किल्ल्यापासून सुरुवात करतात. आम्हीही तसंच करावं का?

नका करू. आधी पाणी बघा.

किल्ल्यापासून गाडीने थोड्या अंतरावर फलज दारिस आहे. फलज म्हणजे जमिनीखालून आणलेला पाट. डोंगराच्या पायथ्याशी खोल आईविहीर खणायची (तिला तिथे 'उम्म अल-फलज' म्हणजे फलजची आईच म्हणतात), तिथून अगदी हलक्या उताराचा बोगदा काढायचा आणि गावाच्या वरच्या अंगाला पाणी उघड्यावर आणायचं. पंप नाही, मोट नाही, सगळं काम उताराचं. अशा जमिनीखालच्या फलजला 'दाऊदी' म्हणतात. लोककथा अशी की दाऊदपुत्र सुलेमान इथे आला, कोरडी जमीन पाहून त्याला दया आली आणि त्याच्या हुकुमावरून जिन्नांनी दहा दिवसांत दहा हजार फलज खणले. जिन्नांचं माहीत नाही, पण ओमानमध्ये आजही सुमारे ३००० फलज वाहतात, आणि त्यांतले दारिससह पाच फलज २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

फलज दारिसला बाग केली आहे. काठावर बसा, पाय सोडा. पाणी गुडघ्याच्याही खाली, स्वच्छ, तळाची वाळू दिसते आणि छोटे मासे येऊन टाचेला चावे घेतात. लहान मुलं तिथून उठत नाहीत. मीही उठत नाही.

फलजच्या पाण्याची वाटणी कशी होते?

हा प्रश्न शेतीतली माणसं हमखास विचारतात, आणि उत्तर ऐकून त्यांचा चेहरा खुलतो, कारण हे सगळं आपल्याकडच्या पाळीसारखंच आहे. पाणी उघड्यावर आलं की आधी पिण्यासाठी भरायची जागा. त्याखाली मशिदीजवळ हातपाय धुण्याची आणि आंघोळीची जागा. मग खजुराच्या बागा, कारण झाड मेलं तर वर्षं वाया जातात. शेवटी उरलं तर हंगामी पिकं.

बागांची पाळी वेळेवर मोजतात. 'अथर' हे त्याचं एकक, साधारण अर्ध्या तासाचं. पूर्वी दिवसा जमिनीत रोवलेल्या काठीच्या सावलीवर आणि रात्री ठराविक तारे उगवण्या-मावळण्यावर पाळी बदलायची. काही गावांतल्या म्हाताऱ्यांना ते तारे अजून नावानिशी ठाऊक आहेत. वेळेचा काही वाटा फलजच्याच नावावर असतो. त्याचा लिलाव होतो आणि त्या पैशातून गाळ काढणं, बोगद्याची डागडुजी चालते. पाणी सोडणारा आपला पाटकरी, त्याला 'अरीफ' म्हणतात. आणि सगळ्या फलजचा कारभार बघणाऱ्याला म्हणतात 'वकील'! आपल्याकडे हा शब्द कोर्टात जाऊन बसला. तिथे तो अजून पाटावर आहे.

छत्रपती संभाजीनगरला मलिक अंबरने केलेली नहर-ए-अंबरी ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे तंत्र चटकन ओळखू येईल. जमिनीखालून उताराने पाणी आणण्याच्या त्याच कुळातलं ते काम आहे.

पाणी आधी बघा म्हणतो ते यासाठी, की नंतर किल्ल्याच्या माथ्यावर उभं राहिल्यावर चारही बाजूंना जी हिरवी खजुराची दाटी दिसते ती कुठून आली ते तुम्हाला कळलेलं असतं. आणि ती हिरवळ नसती तर राखायला किल्लाही नसता.

किल्ल्यात काय विशेष? आम्ही रायगड-प्रतापगड पाहिलेली माणसं.

मग तर तुम्हाला जास्तच मजा येईल, फक्त डोंगरी किल्ल्याचा चष्मा काढून ठेवा. इथे कडा नाही, दरी नाही. सपाटीवर एकच अजस्र गोल बुरूज उभा आहे, ३० मीटरहून उंच. इमाम सुलतान बिन सैफ यांनी सतराव्या शतकाच्या मध्याला तो बांधून घेतला आणि त्याला १२ वर्षं लागली असं सांगतात. तोपर्यंत तोफा आल्या होत्या, म्हणून हा बुरूज तोफेचा विचार करूनच बांधलेला आहे. त्याचा खालचा भाग दगडमातीने भरीव आहे. बाहेरून गोळे आदळोत किंवा वरून तोफा सुटोत, हादरा ती भर गिळून टाकते. माथ्यावर गोल अंगण आणि भोवती तोफांसाठी झरोके, म्हणजे कुठल्याच बाजूने आंधळी जागा राहत नाही.

वर जाणारा जिना मुद्दाम अरुंद, वळणावळणाचा, अंधारा. प्रत्येक वळणावर जाड लाकडी दार आणि दाराच्या बरोबर वर छताला फट. शत्रू दाराशी अडकला की त्या फटीतून उकळता खजुराचा रस ओतायचा. तेल नव्हे, खजुराचा काकवीसारखा दाट रस. तो अंगाला चिकटतो, झटकून जात नाही. जिन्यात उभं राहून एकदा वर बघा, अंगावर काटा येतो.

हा रस यायचा कुठून, तेही बघून घ्या. खालच्या वाड्यात खजुराचं कोठार आहे. जमिनीवर एकाशेजारी एक अरुंद पन्हाळी काढलेल्या आहेत. खजुराची पोती त्यावर थरावर थर रचायची, स्वतःच्या वजनानेच ती दाबली जातात आणि रस पन्हाळींतून खालच्या रांजणात उतरतो. एकदा सासूबाईंना घेऊन गेलो तेव्हा त्या किल्ल्यापेक्षा इथेच जास्त वेळ थांबल्या. त्यांच्या माहेरी गुऱ्हाळ होतं.

तिकीट परदेशी पाहुण्यांना ५ रियालच्या आसपास आहे. शुक्रवारी नमाजाच्या वेळेत किल्ला बंद असतो, हे विसरू नका.

या इतिहासाचा आपल्या इतिहासाशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. सुलतान बिन सैफ यांनी १६५० मध्ये पोर्तुगिजांकडून मस्कत घेतलं. त्यानंतर ओमानी आरमार पोर्तुगिजांचा पाठलाग करत थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत आलं. १६६८ मध्ये त्यांनी दीव लुटलं आणि १६७४ मध्ये वसईवर धाड घालून तटाबाहेरची चर्चेस लुटली. म्हणजे ज्या वर्षी रायगडावर राज्याभिषेक झाला, त्याच वर्षी निझव्याचा बुरूज बांधणाऱ्या इमामाच्या कारकिर्दीत मस्कतची गलबतं वसईला लागली होती. चिमाजी आप्पांनी वसई घेतली ती त्यानंतर ६५ वर्षांनी. एकाच शत्रूशी दोन किनारे झगडत होते.

जवळचा धागाही आहे. ओमानचे सुलतान तैमूर बिन फैसल यांनी १९३२ मध्ये गादी सोडली आणि १९६५ मध्ये त्यांचं निधन झालं ते मुंबईत. आणि १९७० पर्यंत ओमानच्या बाजारात रुपये चालत. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. आजही रियालच्या सुट्ट्याला 'बैसा' म्हणतात. हा आपलाच पैसा.

शुक्रवारचा जनावरांचा बाजार बघण्यासारखा आहे का? मुलांना न्यावं का?

बघण्यासारखा आहेच, आणि मुलांना अवश्य न्या. फक्त उशीर करू नका. सकाळी सातपर्यंत पोचा. नऊनंतर रंग उतरतो.

किल्ल्याला लागूनच मैदानात गोल रिंगण असतं. घेणारे आतल्या चौथऱ्यावर आणि बाहेरच्या कडेला बसतात-उभे राहतात, मधल्या वाटेवरून विकणारे बकऱ्या ओढत गोल गोल फिरतात आणि भाव ओरडत जातात. कोणी हात वर केला की जनावर थांबतं. गिऱ्हाईक दात बघतो, पाठीचा कणा चाचपतो, कास दाबतो, मान हलवतो, आणि बकरी पुन्हा फिरायला लागते. आपल्याकडे गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, शेजारच्याला पत्ता नसतो. इथे उलट. भाव जितका मोठ्याने, तितका चांगला. मध्यस्थाला 'दलाल'च म्हणतात, शब्द त्यांच्याकडूनच आपल्याकडे आलेला.

चेहऱ्यावर बुरख्याचा ताठ मुखवटा घातलेल्या बेदू बायका स्वतः सौदा करताना दिसतील. त्यांचे फोटो काढू नका. पुरुषांचे काढायचे तर विचारून. आणि वाटेत उभे राहू नका. तावातावाने येणारा बोकड तुमच्यासाठी थांबणार नाही.

एक सांगून ठेवतो. आमच्या पहिल्या खेपेला आम्ही शुक्रवारी सावकाश जेवून निघालो आणि दुपारी पोचलो. बाजार उठलेला, दुकानं बंद, किल्ला बंद, रस्त्यावर एक मांजर. पोरं भुकेली, आई उन्हाने बेजार. म्हणून आता सगळ्यांना सांगतो, गुरुवारी रात्रीच निझव्यात मुक्काम करा.

सूकमध्ये, म्हणजे बाजारात, काय घ्यावं?

आधी खजूर. खजुराच्या दुकानात चाखून बघायला देतात, संकोच करू नका. 'खलास' जातीचा मऊ, मधाळ खजूर बहुतेकांना आवडतो.

मग हलवा. ओमानी हलवा म्हणजे आपला गाजराचा किंवा रव्याचा नव्हे. साखर, तूप, स्टार्च, केशर, वेलची, गुलाबपाणी, वर काजू-बदाम. मोठ्या तांब्याच्या कढईत तासन् तास घोटलेला, गडद, थरथरता. मुंबईच्या मिठाईवाल्यांकडे मिळणाऱ्या चिवट, पारदर्शक हलव्याचा हा मऊ भाऊबंद. घरी आणायचा तर बंद डब्यातला घ्या, बॅगेत तूप सुटतं.

चांदी आणि खंजीर ही निझव्याची खरी कारागिरी. खंजीर ओमानच्या झेंड्यावर आहे, आणि तो घडवण्याच्या कलेला २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. म्यानावरचं चांदीच्या तारेचं विणकाम जवळून बघा, केसाएवढी तार असते. जुन्या दागिन्यांत ऑस्ट्रियाची राणी मारिया तेरेसा हिची १७८० सालची छाप असलेली मोठी चांदीची नाणी लटकलेली दिसतील. ती इथे गेल्या शतकापर्यंत चलनात होती आणि सोनार तीच वितळवून दागिने करत. खंजीर घेतलात तर पावती जपा आणि तो विमानात मोठ्या सामानात टाका, हातातल्या पिशवीत नको.

घासाघीस चालते, पण तुळशीबागेसारखी नाही. एकदा विचारायचं, दुसऱ्यांदा हसून विचारायचं, तिथे थांबायचं.

आम्ही शाकाहारी आहोत, उपाशी राहू का?

अजिबात नाही. निझव्यात केरळी आणि इतर भारतीय खानावळी भरपूर आहेत, डोसा-पराठा सकाळी सहज मिळतो. अरबी पदार्थांत हुमुस, फलाफल, फूल (म्हणजे शिजवलेल्या बाकल्याच्या डाळिंब्या), आणि रखाल नावाची कागदासारखी पातळ भाकरी. ती गरम तव्यावरची, मध लावून खा. मांसाहाऱ्यांनी शुवा शोधावा. मसाला लावलेलं मांस पानांत गुंडाळून जमिनीतल्या भट्टीत दिवस-दीड दिवस पुरून ठेवतात. खरा शुवा ईदलाच होतो, पण काही हॉटेलांत एरवीही मिळतो.

कोणी कहवा प्यायला बोलावलं तर कसं वागायचं?

जा. निझव्यातली सगळ्यात चांगली आठवण तीच असेल.

आधी खजूर पुढे येईल, मग बिनसाखरेचा, वेलचीचा वास येणारा कहवा, म्हणजे अरबी कॉफी, अगदी लहान वाटीत आणि घोटभरच. उजव्या हाताने घ्या. वाटी रिकामी झाली की लगेच पुन्हा भरतील. पुरे असेल तर वाटी हलकेच दोन-तीनदा हलवा आणि परत द्या, तोंडाने 'नको' म्हणावं लागत नाही. पहिली वाटी मात्र नाकारू नये. माझ्या वडिलांना ही खूण माहीत नव्हती, त्यांनी संकोचाने सात वाट्या संपवल्या आणि रात्रभर जागे राहिले.

भाषेचं काय?

हिंदी बऱ्याच जणांना समजते, दुकानांत तर सर्रास. पण दोन शब्द अरबीत बोललात तर चेहरे बदलतात. 'अस्सलामु अलैकुम' आणि 'शुक्रन' एवढं पुरतं. बाकी कान उघडे ठेवा. दुकान, हिशेब, हलवा, खंजीर, वकील, दलाल, साबण, कितीतरी ओळखीचे शब्द ऐकू येतील. किल्ल्याला ते 'कलअत निझवा' म्हणतात. आपला किल्ला तिथूनच निघाला.

कपडे कसे असावेत? मशिदीत जाता येतं का?

खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, स्त्री-पुरुष दोघांचेही. सलवार-कमीज उत्तम. साडीलाही हरकत नाही, पण किल्ल्याच्या जिन्यात ती सांभाळावी लागते. निझव्यातल्या किल्ल्याशेजारच्या मशिदीचा निळा-सोनेरी घुमट बाहेरूनच बघा. आतून मशीद बघायची असेल तर मस्कतची सुलतान काबूस भव्य मशीद बिगरमुस्लिमांना शुक्रवार सोडून रोज सकाळी ८ ते ११ खुली असते. तिथे बायकांना डोकं आणि मनगटांपर्यंत हात झाकावे लागतात.

कधी जावं?

नोव्हेंबर ते मार्चची सुरुवात. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात किल्ला चढणं म्हणजे शिक्षा. रमझानमध्ये दिवसा खानावळी बंद असतात आणि बाहेर खाणं-पिणं चालत नाही. पण संध्याकाळी रोजा सुटल्यानंतरचा निझवा फार सुंदर असतो.

कसं जायचं?

मुंबईहून मस्कत विमानाने तीन तासांच्या आत. घड्याळ दीड तास मागे घ्या. व्हिसाचे नियम बदलत असतात, रॉयल ओमान पोलिसांच्या ई-व्हिसा संकेतस्थळावरच बघा. मस्कतहून निझव्याला मवासलातची बस आहे, टॅक्सी आहे, पण भाड्याची गाडी सगळ्यात सोयीची. रस्ता सुरेख, दोन तासांच्या आत पोचता.

एकच गंभीर सूचना. आभाळ भरलं असेल तर वाडी, म्हणजे कोरडी दिसणारी नदी, ओलांडू नका. पाऊस डोंगरात पडतो आणि तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही लोंढा येतो. दरवर्षी गाड्या वाहून जातात. पाणी उतरेपर्यंत थांबा, स्थानिक लोकही थांबतात.

राहायचं कुठे?

हारत अल-अक्रमध्ये. किल्ल्याच्या पाठीमागची ही जुनी मातीच्या घरांची वस्ती ओस पडत चालली होती. इथल्याच लोकांनी एकत्र येऊन घरं डागडुजी करून अतिथिगृहं आणि छोटी कॅफे सुरू केली. जाड मातीच्या भिंती, लाकडी कड्यांचं छत, गच्चीवरून दिसणारा बुरूज. वस्तीभोवतीच्या जुन्या तटावरून संध्याकाळी चालता येतं. एका बाजूला मातीची गल्ली, दुसऱ्या बाजूला खजुराची बाग आणि तिच्यात सुटलेलं फलजचं पाणी. मोठ्या साखळी हॉटेलात हे मिळणार नाही.

आजूबाजूला काय बघता येईल?

बहला आणि जब्रीन, दोन्ही तासाभराच्या आत. बहल्याचा मातीचा किल्ला १९८७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. मध्यंतरी इतका खचला होता की धोक्यातल्या वारशांत गेला, दुरुस्तीनंतर २००४ मध्ये त्यातून बाहेर आला. जब्रीन हा किल्ल्यापेक्षा वाडा. इमाम बिलअरब यांनी तो सतराव्या शतकात बांधला आणि त्यांची कबरही तिथेच आहे. छतांवरची रंगकाम केलेली वेलबुट्टी मान दुखेपर्यंत बघत राहाल. आणि वरच्या मजल्यावर इमामांच्या घोड्याची खोली आहे. होय, घोडा जिना चढून वर जायचा.

जबल अख्दर, म्हणजे हिरवा डोंगर, साधारण २००० मीटरवर. फोर बाय फोर गाडी असल्याशिवाय पोलीस चौकीवरून पुढे सोडत नाहीत. एप्रिलमध्ये तिथे गुलाब फुलतात आणि घराघरांत मातीच्या भट्टीवर गुलाबपाणी काढतात, त्याला धुराचा वास असतो. वाटेत बिरकत अल-मौझला थांबून फलज अल-खत्मैन बघा. पाणी तीन सारख्या पाटांत वाटलेलं दिसतं.

आई-वडिलांना घेऊन जाणं जमेल का?

जमेल. फलज, सूक, अक्रची वस्ती सगळं सपाट आहे. बुरजाच्या पायऱ्या मात्र उंच आहेत, गुडघे दुखत असतील तर खालच्या वाड्यापर्यंतच न्या. एकट्या बाईने फिरायलाही निझवा निर्धास्त आहे. माझी बहीण एकटी तीन दिवस राहून आली.

आमच्याकडे एकच सकाळ आहे. काय करू?

मग पाणी आधी बघायचा माझा हट्ट सोडा, या धावपळीत ते शेवटी येतं. गुरुवारी रात्री पोचा. शुक्रवारी पहाटे अजान झाली की उठा, साडेसहाला बाजाराच्या रिंगणाशी उभे राहा. आठला हलवा आणि कहवा घ्या. किल्ला उघडला की थेट माथ्यावर चढा, ऊन चढायच्या आत. साडेदहाला खाली उतरा आणि नमाजाआधी फलज दारिसवर जा. बूट काढा आणि मासे टाचेशी येईपर्यंत पाय पाण्यात ठेवून बसा.